प्रख्यात नायक आणि त्याचे धनी : कोल्हापूर परिसरातील कादंबरीच्या निमित्ताने

१

कर्ण, संभाजी, तुकाराम ही नावे मराठी लेखकाला आयती मिळतात. मोकळी मात्र मिळत नाहीत. वाचकाच्या मनात त्यांची मूर्ती आधीच घडलेली असते. तिच्यावर नव्याने छिन्नी चालवणाऱ्या लेखकाला वाचक विचारतो, हा अधिकार तुम्हाला कोणी दिला? मराठी समीक्षेने हा प्रश्न बहुधा साहित्यबाह्य ठरवून बाजूला ठेवला. एका बाजूने लेखनस्वातंत्र्याचा पुरस्कार झाला, दुसऱ्या बाजूने भावना दुखावल्याची तक्रार झाली आणि प्रश्नाचे वाङ्मयीन स्वरूप दोहोंच्या मध्ये हरवले. प्रख्यात नायकाला लेखकाने कसे हाताळावे, याविषयी मराठी वाचनव्यवहारात एक अलिखित संकेत दीर्घकाळ कार्यरत आहे, त्याला इतिहास आहे आणि तो इतिहास साहित्याचाच आहे, असे प्रस्तुत लेखात म्हणावयाचे आहे.

या चर्चेसाठी कोल्हापूर जिल्हा विशेष सोयीचा आहे. वि. स. खांडेकर यांची ‘ययाति’ (१९५९) कोल्हापुरातली. ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि ‘छावा’ (१९७९) लिहिणारे शिवाजी सावंत आजऱ्याचे, ‘राधेय’ (१९७३) लिहिणारे रणजित देसाई कोवाडचे, ‘संतसूर्य तुकाराम’ (२००८) लिहिणारे आनंद यादव कागलचे. कागल म्हटले की आज पुणे-बंगळूर महामार्गालगतची पंचतारांकित एमआयडीसी प्रथम आठवते. तेथे पाळीवर जाणाऱ्या कामगाराला समीक्षेच्या परिभाषेशी कर्तव्य नसेल. पण कर्णावर अन्याय झाला की नाही, यावर त्याचे मत ठाम असू शकते आणि ते महाभारताच्या पोथीपेक्षा एखाद्या कादंबरीतून आलेले असण्याचाच संभव अधिक. अशा वाचकाचा नायकावरील हक्क गृहीत धरल्याखेरीज या कादंबऱ्यांचा इतिहास लिहिता येणार नाही.

२

प्रख्यात नायकाचा प्रश्न संस्कृत साहित्यशास्त्राला अपरिचित नव्हता. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त कवीला बजावले आहे की, इतिवृत्त जसेच्या तसे सांगणे हे कवीचे काम नव्हे, जुन्या कथेतील एखादी स्थिती रसाला प्रतिकूल असेल तर ती सोडून द्यावी आणि अनुकूल अशी कल्पून घ्यावी. दहाव्या शतकातील धनंजयाने ‘दशरूपका’त हा नियम अधिक नेमका केला. मूळ कथेत नायकाला किंवा रसाला अनुचित असे काही आढळल्यास ते गाळावे अथवा बदलावे. त्यावरील टीकेत रामाने वालीचा कपटाने केलेला वध हेच उदाहरण येते. एका नाटककाराने तो प्रसंग गाळला, तर भवभूतीने ‘महावीरचरिता’त वालीलाच रामाच्या वधासाठी चालून येताना दाखवले. कालिदासाने दुर्वासाच्या शापाची योजना करून दुष्यंताचे विस्मरण निर्दोष केले, हे तर सर्वपरिचित आहे.

या उदाहरणांत स्वातंत्र्य आहे, आणि ते थोडेथोडके नाही. मात्र त्याला दिशा आहे. नायक उंच होत असेल तर कवीने व्यास-वाल्मीकींनाही ओलांडावे. नायक खाली येत असेल तर मूळ कथेचा आधार असूनही ओलांडू नये. सत्य हा येथे निकष नाहीच, औचित्य हा निकष आहे. ‘कुमारसंभवा’तील शिवपार्वतीच्या शृंगाराविषयी आनंदवर्धनाचे मतही याच अंगाने पाहावे लागते. उत्तम देवतांच्या संभोगाचे वर्णन स्वतःच्या मातापित्यांच्या संभोगाच्या वर्णनासारखेच अनुचित, असे तो म्हणतो. मात्र कालिदासाच्या प्रतिभाशक्तीमुळे तो दोष झाकला जातो, अशी सवलतही देतो. या दृष्टान्तातला ‘मातापिता’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नायकाचे आणि रसिकाचे नाते जेथे आप्ताचे आहे तेथे औचित्याचा नियम कडक होतो, हे त्यातून सूचित होते.

३

कादंबरी हा प्रकार मात्र वेगळ्या संकेतातून आला. तिला चुकणारा, डगमगणारा, स्वतःशी झगडणारा माणूस हवा असतो. १९५९ नंतरच्या मराठी पौराणिक कादंबरीपुढे खरी अडचण होती ती ही : कादंबरीची मागणी आणि औचित्याचा जुना संकेत यांचा मेळ घालावयाचा कसा?

खांडेकरांना ही अडचण फारशी जाणवली नाही. त्यांनी महाभारतातील उपाख्यान घेऊन कचाची भूमिका वाढवली, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना आपापल्या तोंडून बोलते केले आणि ययातीला भोगलोलुप आधुनिक माणसाचा प्रतिनिधी केले. नायक खाली आला. तरीही ‘ययाति’ला साहित्य अकादमीचे आणि पुढे १९७४ चे ज्ञानपीठ पारितोषिक मिळाले आणि कोणाच्या भावना दुखावल्याचा गदारोळ झाला नाही. याचे कारण सोपे आहे. ययातीचा उत्सव नाही, दिंडी नाही, त्याच्या नावाने एकत्र येणारा समूह नाही. ययातीला धनी नव्हता.

कर्णाची गोष्ट निराळी. त्याला धनी मिळवून दिला तो कादंबरीनेच. ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि कृष्ण असे सहा निवेदक आहेत. त्यांपैकी वृषाली आणि शोण यांना व्यासांच्या कथेत जवळजवळ जागाच नाही. तेव्हा सावंतांनी घेतलेले स्वातंत्र्य खांडेकरांपेक्षा कमी नव्हे. पण ते धनंजयाच्या दिशेने घेतलेले आहे. नायकाला आत्मनिवेदन देऊन त्यांनी दुःख आत ठेवले आणि दोषाचा भार बराचसा परिस्थितीवर, कुलाच्या अहंकारावर, नियतीवर टाकला. कादंबरीला हवे असलेले अंतरंग मिळाले आणि संकेताला हवे असलेले औदात्त्यही राहिले. ‘राधेय’मध्ये रणजित देसाई तर या कर्णाची सत्यता शोधण्यासाठी महाभारताची पाने उलटण्याचे कारण नाही, असे आरंभीच सांगून टाकतात. आपण कोणत्या प्रतिज्ञेवर लिहीत आहोत, हे उघड करणारी ही भूमिका प्रामाणिक आहे.

याच काळात दुसरी एक घटना घडत होती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली. ‘मृत्युंजय’ आली ती पुढच्याच वर्षी. त्याच १९६७ मध्ये इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ही आले. चिकित्सक आवृत्तीने द्रौपदीस्वयंवरातील सूतपुत्राला वरणार नाही या नकाराचा प्रसंग मूळ संहितेत घेतला नाही. तो तळटीपेतील पाठभेदांत गेला. द्यूतसभेतील कर्णाचे अपशब्द मात्र संहितेत राहिले. म्हणजे कर्णाच्या वर्तनाचे समर्थन करताना त्याचे चाहते ज्या अपमानाकडे बोट दाखवतात, तोच संहितेच्या दृष्टीने डळमळीत. आणि ज्या कृत्याचे समर्थन करावयाचे, ते पक्के. इरावतीबाईंनी संहितेच्या आधाराने कर्णाच्या अधःपाताचे क्षण न झाकता मांडले. ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, अभ्यासकांनी ते डोक्यावर घेतले, पण लोकमानसात स्थिर झाला तो ‘मृत्युंजय’चा कर्ण. संशोधकाची संहिता आणि वाचकाची संहिता यांची फारकत इतकी स्पष्ट क्वचितच दिसते.

लोकपरंपरा या बाबतीत कादंबरीपेक्षा धीट होती, याचीही येथे नोंद हवी. विठ्ठल उमप यांच्या सादरीकरणामुळे सर्वदूर पोहोचलेल्या ‘जांभूळ आख्याना’त पाच पतींची द्रौपदी कर्णाकडे ओढली जाते. हे स्वातंत्र्य नायिकेला उंच करणारे नाही, तरी श्रोत्यांनी ते हसत स्वीकारले. आख्यानात श्रोता समोर असतो, गायक त्याच्यातलाच असतो आणि खेळ संपताना देवता पुन्हा तिच्या जागी बसते. कादंबरी वाचणारा एकटा असतो. त्याच्या हातात लेखकाचे नाव छापलेले पुस्तक असते आणि ते मिटल्यावरही त्यातले विधान तसेच उरते.

४

धनी काळाच्या ओघात कसा निर्माण होतो, याचा ठळक दाखला म्हणजे संभाजी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीने व्यसनी, उग्र संभाजीचे चित्र रूढ केले. बखरकाराच्या पूर्वजाला, बाळाजी आवजींना, संभाजीने देहदंड दिला होता, ही गोष्ट त्या चित्राचा विचार करताना विसरता येत नाही. नाटककारांनी हाच संभाजी उचलला. राम गणेश गडकरी यांचे अपुरे राहिलेले ‘राजसंन्यास’ त्याच छायेतले. वा. सी. बेंद्रे यांचा चरित्रग्रंथ १९६० मध्ये आला आणि बखरीच्या चित्राला कागदपत्रांच्या आधारे उत्तर मिळाले. १९६२ मध्ये वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ने पितापुत्रांतील ताण रंगभूमीवर आणला. १९७९ च्या ‘छावा’ने संभाजीला शोकात्म वीरनायकाचे पूर्ण रूप दिले.

संशोधनाने केलेली दुरुस्ती आणि कादंबरीने केलेले उदात्तीकरण येथे एकाच दिशेने गेले, म्हणून ती एकच गोष्ट वाटू लागली. त्यांतला फरक पुसला गेल्याचा परिणाम पुढे दिसला. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा अर्धपुतळा ‘राजसंन्यास’मधील चित्रणाच्या निषेधार्थ उखडण्यात आला, लेखकाच्या निधनाला तोवर ९८ वर्षे होत आली होती. २०२५ मध्ये ‘छावा’वरच आधारलेला हिंदी चित्रपट आला, तेव्हा त्याच्या झलकीत लेझीम खेळणाऱ्या संभाजीला विरोध झाला आणि दिग्दर्शकाने तो भाग वगळला. लेझीम हा काही दुर्गुण नव्हे. तरीही नायक जेथे पोहोचला होता तेथून त्याला तसूभरही हलू द्यावयाचे नाही, असा आग्रह धरला गेला. एकदिश स्वातंत्र्याची ही अटळ परिणती म्हणावी लागेल. एका लेखकाने नायकाला उंचीवर नेले की पुढच्या लेखकासाठी ती उंची हीच भिंत होते.

५

तुकारामांना धनी पहिल्यापासूनच होते. गाथा, कीर्तन आणि वारी यांमधून ते रोज उच्चारले जातात. वारकऱ्याच्या दृष्टीने तुकाराम ही ‘व्यक्तिरेखा’ नव्हेच. अठराव्या शतकात महिपतींनी चरित्र लिहिले ते या नात्याच्या आतून. प्रभातच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’नेही सालोमालोला खलनायक केले, आवलीला खाष्ट पण प्रेमळ केले, सारा मानवी व्यवहार भोवतालच्या पात्रांना वाटून दिला आणि तुकारामांना त्यापासून अलिप्त ठेवले. संकेत अबाधित राहिला.

आनंद यादव वेगळ्या वाटेने आले. ‘झोंबी’ (१९८७) या आत्मचरित्रात्मक कादंबरीत त्यांनी कागलातले आपले दारिद्र्य, शिक्षणासाठीची धडपड आणि शाळेआड येणारा बाप कोणताही मुलामा न देता लिहिला. त्या लेखनाचे मोल त्या अनाच्छादित तपशिलातच होते. बाप त्यांचा स्वतःचा होता. त्याच्याविषयी लिहिण्याचा त्यांचा हक्क कोणी नाकारला नाही. ‘संतसूर्य तुकाराम’मध्ये संतपदाला पोहोचण्यापूर्वीचा संसारी तुकाराम रंगवताना त्यांनी हीच वास्तववादी रीत वापरली. माणूस खालून वर चढतो, म्हणून आधी तो खाली दाखवला पाहिजे, हा कादंबरीचा तर्क. तुकारामांनी स्वतःच्या अभंगांत दिवाळे, दुष्काळ, घरातले मृत्यू सांगितलेले आहेतच. परंतु संताने स्वतःविषयी सांगणे आणि इतराने त्यातल्या मोकळ्या जागा कल्पनेने भरणे, यांत अंतर आहे. आता प्रश्न दुसऱ्यांच्या बापाचा होता.

पुढचा घटनाक्रम ज्ञात आहे. देहूतून आणि वारकरी संप्रदायातून विरोध झाला. यादवांनी माफी मागितली, कादंबरी मागे घेतली आणि मार्च २००९ मधील महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सोडले. संमेलन अध्यक्षाविना पार पडले. पुढे वाद न्यायालयातही गेला. यादव २०१६ मध्ये निवर्तले.

या वादात वारकऱ्यांना केवळ असहिष्णू ठरवणे उथळ होईल. तुकारामांचा नवा अर्थ लावण्यास संप्रदायाचा सरसकट विरोध होता असे दिसत नाही. दिलीप चित्रे यांचे ‘पुन्हा तुकाराम’ (१९९०) आणि सदानंद मोरे यांचे ‘तुकाराम दर्शन’ (१९९६) यांनी पारंपरिक चित्र पुष्कळ हलवले. पण ते तुकारामांच्या शब्दांवर उभे होते. आक्षेप होता तो चरित्राचे नाव धारण करून केलेल्या कल्पनेला. ‘चरित्रात्मक कादंबरी’ ही संज्ञाच दुहेरी आहे. चरित्र म्हणून ती विश्वास मागते आणि कादंबरी म्हणून मोकळीक. ‘राधेय’ची स्पष्ट प्रतिज्ञा येथे नव्हती. मात्र एवढे मान्य करूनही, एका पुस्तकाला दिलेले उत्तर ते पुस्तक नाहीसे करण्यात असावे, हे मान्य करता येत नाही. त्या गदारोळात कादंबरी म्हणून ती कितपत साधली, हा समीक्षेचा पहिला प्रश्न मागेच पडला. आनंदवर्धनाने कालिदासावर अनौचित्याचा ठपका ठेवला, पण त्याच वाक्यव्यवहारात त्याची शक्तीही तोलली. आपण ठपका ठेवला आणि तोलावयाचे राहून गेले.

६

अमेरिकी चित्रकथांचे जग येथे तुलनेला उपयोगी आहे. १९३८ मध्ये अवतरलेल्या सुपरमॅनची किंवा त्यापाठोपाठच्या बॅटमॅनची मालकी प्रकाशनसंस्थेकडे आहे. लेखक बदलतात, चाहते भांडतात. निर्णय मात्र संस्था देते. १९८८ मध्ये बॅटमॅनच्या साथीदाराला, रॉबिनला, जगवावे की मारावे यावर वाचकांचे दूरध्वनीवरून मत घेण्यात आले आणि ५२७१ विरुद्ध ५३४३ अशा मतांनी त्याला मारण्यात आले. त्या प्रकाराची गंमत वाटते. पण तेथे मालक कायद्याने ठरलेला आहे आणि विसंगत कथांसाठी समांतर विश्वांची सोयही करून ठेवली आहे. आपल्या नायकांना असा मालक नाही. म्हणूनच जो मोठ्याने बोलेल तो धनी होऊ शकतो.

समांतर विश्वांची सोय आपल्याकडेही होती. तिला आपण पाठभेद म्हणत आलो. चिकित्सक आवृत्तीच्या संपादकांनी शेकडो श्लोक संहितेबाहेर काढले, पण जाळले नाहीत. ते त्याच पानावर, तळाशी, कोणत्या पोथीत आढळतात याच्या नोंदीसह छापले. वाचकाने वरचे वाचावे, खालचे वाचावे, दोन्ही ताडून पाहावे. ‘युगान्त’चा कर्ण आणि ‘मृत्युंजय’चा कर्ण, बेंद्रे यांचा संभाजी आणि गडकऱ्यांचा संभाजी, गाथेतला तुकाराम आणि यादवांचा तुकाराम यांना एका पानावर ठेवता येणे, हे मराठी समीक्षेचे काम होते. ते तिने केले असते तर कागलच्या लेखकाचा पाठ कदाचित तळटीपेत गेला असता. तळटीपेतला पाठ निदान वाचता तरी येतो.