दाढेची भीती आणि गुंगीचा इतिहास



१८४३ हे साल सांगलीकरांना निराळे सांगावे लागत नाही. त्या वर्षी ५ नोव्हेंबरला विष्णुदास भाव्यांनी श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांपुढे ‘सीतास्वयंवर’ उभे केले आणि मराठी रंगभूमीचा जन्म आपल्या गावात झाला. त्यानंतर तेरा महिन्यांनी, १० डिसेंबर १८४४ रोजी, अमेरिकेतील हार्टफर्ड या गावी एक वेगळाच खेळ तिकीट लावून झाला. खेळवाल्याचे नाव गार्डनर कोल्टन. त्याच्याजवळ राम नव्हता, सीता नव्हती. एका पिशवीत भरलेला नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू तेवढा होता. प्रेक्षकांतून कोणीही पुढे यावे, पिशवीतून दोन-चार श्वास घ्यावेत आणि मग हसावे, नाचावे, वाटेल ते बडबडावे, की बाकीच्यांची करमणूक! म्हणूनच त्याला हास्यवायू म्हणतात. हा वायू वेदना मारतो आणि शस्त्रक्रियेत उपयोगी पडेल, असे हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने १८०० सालीच छापून ठेवले होते. पण चव्वेचाळीस वर्षे ते पुस्तकातच पडून राहिले.

त्या रात्री सॅम्युएल कूली नावाचा औषधाच्या दुकानातला नोकर वायूच्या भरात बाकावर आदळला आणि त्याची तंगडी सोलवटून निघाली. रक्त वाहत होते आणि गडी शांतपणे जागेवर येऊन बसला. जवळच होरेस वेल्स नावाचा दंतवैद्य बसला होता, वय अवघे एकोणतीस. त्याने विचारले, दुखले नाही का? कूलीने खाली पाहिले तेव्हा त्याला जखमेचा पत्ता लागला. शेकडो माणसे हसत होती; एकटा वेल्स विचारात पडला. का पडला? तर रोज माणसांच्या किंकाळ्या ऐकून तो आपल्या धंद्याला कंटाळला होता, म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्याने प्रयोग केला तो गिऱ्हाइकावर नव्हे, स्वतःवर. कोल्टनने पिशवी धरली, जॉन रिग्ज या सहकाऱ्याने वेल्सची दाढ उपटली आणि वेल्सला टाचणी टोचण्याइतकेही दुखले नाही. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. पहिल्याच खेपेला खुर्चीजवळ दोन माणसे होती. एकाचे लक्ष वायूकडे, दुसऱ्याचे दाढेकडे.

पुढची कथा दुःखाची आहे. १८४५ च्या जानेवारीत बोस्टनला विद्यार्थ्यांपुढे वेल्सने प्रयोग करून दाखवला. वायू कमी पडला असावा, रोगी कण्हला आणि सभेने वेल्सची हुर्यो उडवली. त्याचाच जुना भागीदार विल्यम मॉर्टन याने १६ ऑक्टोबर १८४६ रोजी त्याच शहरात इथर देऊन कीर्ती मिळवली. पाच महिन्यांत, म्हणजे १८४७ च्या मार्चमध्ये, इथर कलकत्त्यास पोहोचले. त्याच नोव्हेंबरात एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणले. वेल्सने ते स्वतः हुंगून हुंगून डोके बिघडवून घेतले आणि १८४८ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या तुरुंगात आत्महत्या केली. साताऱ्याची गादी कंपनी सरकारने खालसा केली ते हेच साल. आपण शाळेत तेवढेच शिकलो.

मी डॉक्टर नव्हे. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते नगरवाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत. मार्केट यार्डातल्या हमालांत माझे काम. अशा माणसाने दाढेवर का बोलावे? तर त्याला कारण आमच्यातलाच एक गडी आहे. हळदीचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून चढणारा, कोणाच्या बापाला न भिणारा. त्याची खालची दाढ किडली. लवंग झाली, तंबाखूचा बार झाला, मेडिकल दुकानातल्या गोळ्या झाल्या. मी दोनदा दवाखान्याच्या दारापर्यंत नेला, दोनदा तो माघारी फिरला. तिसऱ्या खेपेस हनुवटीखाली सूज उतरून गळा दगडासारखा झाला, जीभ वर उचलली गेली, श्वास अडू लागला. रातोरात मिरजेला नेले. गळ्याला बाहेरून चिरा देऊन पू काढला म्हणून वाचला. तीन आठवडे खाडा.

नंतर त्याने सांगितले. लहानपणी गावच्या बाजारात एका वैदूने त्याची दाढ काढली होती. दोघांनी हात धरले होते आणि बाप छातीवर बसला होता. सुई पाहिली की त्याला बापाचे ओझे आठवे. बंधूंनो, याला आपण भित्रा म्हणणार काय?

हाच विषय साताऱ्यास मांडला तेव्हा एका गृहस्थांनी विचारले, “एवढी भीती वाटते तर सरळ पुरते बेशुद्ध करून दाढ काढावी, म्हणजे भानगडच नको.” प्रश्न रास्त आहे. साऱ्या जगाने दीडशे वर्षे तेच करून पाहिले आहे.

क्लोरोफॉर्म आले आणि तीन महिन्यांच्या आत, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडात हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी दगावली. काम काय, तर पायाच्या बोटाचे नख काढायचे! अशी निरोगी माणसे किरकोळ कामात का मरतात, या वादाचा निकाल लावण्यासाठी आपल्या शेजारच्या हैदराबादेत १८८८ आणि १८८९ साली निजामाच्या पैशाने दोन क्लोरोफॉर्म कमिशने बसली. डॉक्टर एडवर्ड लॉरी त्यांचे प्रमुख. निष्कर्ष निघाला की आधी श्वास थांबतो, हृदय मागाहून. म्हणून श्वासावर नजर ठेवा, नाडीची काळजी नको. हा निष्कर्ष अपुरा होता. १९११ च्या सुमारास गुडमन लेव्ही याने मांजरांवर प्रयोग करून दाखवले की क्लोरोफॉर्मचा अंमल हलका असताना रक्तात अ‍ॅड्रिनॅलिन उसळले तर हृदय एकाएकी फडफडून बंद पडते. आणि अ‍ॅड्रिनॅलिन केव्हा उसळते? माणूस घाबरतो तेव्हा. भेदरलेला रोगी, ताठ बसवलेली खुर्ची, अर्धवट भूल आणि घाईची ओढ, हा सगळा योग दातांच्या दवाखान्यात जुळून येई. भीती मनात असते असे आपण म्हणतो. तिने रक्तात उतरून माणसे मारली आहेत.

इकडे दुखणे थांबवण्याची निराळी वाट सापडली होती. १८८४ साली व्हिएन्नात कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर केला आणि लवकरच तीच युक्ती जबड्याच्या नसेवर चालली. पण कोकेनचे व्यसन वाईट. आइनहॉर्नचे नोव्होकेन १९०५ साली वापरात आले. १९४३ साली स्वीडनमध्ये लॉफग्रेनने लिग्नोकेन तयार केले, आजही आपल्या हिरडीत बहुधा तेच टोचतात. दुखणे गेले. राहिली ती सुईची भीती. तिच्यावर बधिरतेचे औषध चालत नाही.

त्यासाठी विलायतेत खुर्चीतच पुरते बेशुद्ध करण्याची रीत फार वर्षे चालली. पुष्कळ ठिकाणी भूल देणारा आणि दाढ उपटणारा एकच असे. आम्ही कामगार लोक हा प्रकार चांगला ओळखतो: दोन माणसांचे काम एकावर टाकायचे आणि वाचलेल्या मजुरीला कार्यक्षमता म्हणायचे. ज्याचे डोळे दाढेवर खिळले आहेत त्याला ओठ निळे पडलेले कसे दिसावेत? मुले दगावली, चौकश्या झाल्या, १९९० साली पॉस्विलो समितीने कडक शिफारशी केल्या; अखेर २००१ च्या डिसेंबरनंतर ब्रिटनमध्ये पूर्ण भूल देऊन दात काढायचे ते रुग्णालयातच, असे ठरले.

मग उरले काय? उरली ती हलकी गुंगी. माणूस जागा असतो, ‘तोंड उघडा’ म्हटले की उघडतो, श्वास स्वतः घेतो, फक्त भीतीचा पीळ सैल पडतो. वेल्सचाच वायू, पण आता निव्वळ नव्हे. १८६८ साली शिकागोच्या एडमंड अँड्र्यूजने त्यात ऑक्सिजन मिसळण्याची तोड काढली, तीच आज पाळतात. नाकावर छोटी टोपी बसवतात, वायू हळूहळू वाढवतात, ऑक्सिजन ३० टक्क्यांखाली जाऊच नये अशी यंत्राचीच रचना असते, आणि शेवटी पाचेक मिनिटे नुसता ऑक्सिजन देतात. अंमल काही मिनिटांत उतरतो. सर्दीने नाक चोंदले असेल तर उपयोग नाही. दुसरी वाट औषधांची. स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या शोधातून १९६३ साली व्हॅलियम बाजारात आले, १९७० च्या दशकात मिडॅझोलम तयार झाले. ही गोळीने वा शिरेतून देतात. अंमल रेंगाळतो, त्या दिवशी गाडी चालवायची नाही, घरी न्यायला सोबत माणूस पाहिजे. म्हणजे हातावर पोट असलेल्याच्या घरी एका दाढेपायी दोघांचे खाडे. ही सोय श्रीमंतांची का राहते, याचा निम्मा जाब औषधाच्या किमतीत आहे, निम्मा या खाड्यांत. भरपगारी रजा मागताना मी ही बाब यादीत घालतो. मालक लोक हसतात. हसोत.

आणि दवाखान्यात शिरताना एक प्रश्न जरूर विचारा: माझ्या श्वासाकडे पाहणारा माणूस कोण? २०२० च्या साथीत बोटाला लावायचा चिमटा घरोघर आला. ऑक्सिजन मोजणारी ती युक्ती जपानच्या ताकुओ आओयागींची, १९७० च्या दशकातली. तो चिमटा बोटावर हवा, पण आकड्याकडे पाहायला दाढ काढणाऱ्याखेरीज दुसरे माणूस हवे.

आमच्या गड्याची दुसऱ्या बाजूची दाढ गेल्या हिवाळ्यात काढली. मी दाराशी उभा होतो. नाकावर टोपी चढवली तेव्हा त्याने खुर्चीचा हात गच्च धरला. थोड्या वेळाने बोटे आपोआप सुटली. एक मुलगी पूर्ण वेळ आकड्यांकडे पाहत होती, डॉक्टरांकडे तिने मान वळवली नाही. बाहेर आल्यावर मी विचारले, “सुई टोचली ती कळली का रे?”

“कळली की, अण्णा. पर दुसऱ्याच्या हिरडीत टोचल्यागत वाटलं.” मग कापसाचा बोळा सावरत म्हणाला, “आजचा खाडा तेवढा मुकादमाला सांगा.”