स्कारची नौका : समुद्राच्या मुखातून सोडवलेले तिघे

१/ स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी द्वीपसमूह आहे. त्यातील सँडे हे सखल, वाळूचे बेट. तेथील स्कार या ठिकाणी समुद्र किनाऱ्याचा काठ वर्षानुवर्षे कुरतडत होता. १९८५ साली ढासळलेल्या काठातून एका स्थानिक शेतकऱ्यास हाडे डोकावताना दिसली.

२/ त्यांचे खरे मोल कळण्यास १९९१ साल उजाडले. पुरातत्त्वज्ञांना त्याच काठात गंजलेले लोखंडी रिवेट आढळले. रिवेट म्हणजे नौका, आणि नौकेत हाडे म्हणजे व्हायकिंग दफन!

३/ वादळांचा हंगाम तोंडावर होता. वसंताची वाट पाहणे म्हणजे सारे समुद्राच्या स्वाधीन करणे. म्हणून ऐन हिवाळ्यात, मोजके तास उजेड लाभणाऱ्या दिवसांत उत्खनन झाले. नौकेची एक बाजू लाटांनी आधीच गिळली होती.

४/ लाकूड केव्हाच कुजले होते. तरीही तीनशेहून अधिक रिवेट वाळूत आपापल्या जागी रांगेने उभे होते. त्यांच्या नोंदीवरून सुमारे साडेसहा मीटर लांबीच्या वल्ह्यांच्या नौकेचा आकार पुन्हा साकारला.

५/ आत तिघे होते : तिशीतला पुरुष, सुमारे दहा वर्षांचे मूल आणि सत्तरी गाठलेली वृद्धा. त्या काळी हे वय दुर्मीळच.

६/ पुरुषाजवळ तलवार, बाणांचा भाता, फणी आणि खेळाच्या बावीस सोंगट्या होत्या. वृद्धेजवळ विळा, कातरी, सूतकताईच्या चात्या आणि सोन्याचा मुलामा दिलेला ब्रोच. तिच्या पायांशी देवमाशाच्या हाडाची कोरीव पाटी होती. तिच्या माथ्यावर समोरासमोर वळलेली दोन पशुमुखे आहेत.

७/ पाणमांजरांनी बिळे खोदून पुरुषाची हाडे विस्कटली होती. म्हणून प्रत्येक अस्थी कोठे सापडली, याची नोंद अस्थीइतकीच मोलाची ठरली. केवळ वस्तू उचलल्या असत्या, तर कोणती कोणाची हे कधीच उमगले नसते.

८/ फळ्यांच्या फटी बुजवणाऱ्या लेपात वाळूचे कण अडकले होते. ते ऑर्कनीचे नव्हते. नौका बहुधा स्कँडिनेव्हियात बांधली गेली. दफनाचा काळ अभ्यासकांनी इ. स. ८७५ ते ९५० च्या दरम्यान मानला.

९/ तिघे एकाच वेळी का निवर्तले? त्यांचे नाते काय? याचे उत्तर हाडांनी दिले नाही. मात्र नौकेतील मानाचे स्थान केवळ योद्ध्याचे नव्हते, हे त्या वृद्धेने निःसंशय सांगितले.

१०/ आज ती पाटी कर्कवॉलच्या ऑर्कनी संग्रहालयात आहे. जमिनीखालचा पुरावा पुढच्या पिढीसाठी राखून ठेवावा, हा पुरातत्त्वशास्त्राचा संयम. किनाऱ्यावर मात्र तोच संयम विनाश ठरतो. कारण समुद्र उत्खनन करतो, पण नोंद ठेवत नाही.