बाजीरावाची नेमणूक आणि हथखोजच्या कामगाराची पेन्शन

जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव पेशवा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी माल्कम याच्या स्वाधीन झाला, तेव्हा राज्याच्या बदल्यात त्याला सालीना आठ लाख रुपयांची तहहयात नेमणूक मिळाली. रक्कम फार झाली, अशी नाराजी कंपनीच्या वरिष्ठांनी तेव्हाच व्यक्त केली. पण कंपनीला खरे महाग पडले ते बाजीरावाचे दीर्घायुष्य. त्रेचाळिशीत पेशवेपद सोडलेला हा माणूस १८५१ पर्यंत जगला आणि कंपनीला अडीच कोटींहून अधिक रुपये मोजावे लागले. त्याच्यामागे गव्हर्नर जनरल डलहौसीने त्याचे दत्तकपुत्र नानासाहेब यांना ती नेमणूक नाकारली. ठरावीक वार्षिकीचे मर्म या व्यवहारात पुरते दिसते : किती जगणार याची जोखीम देणाऱ्याची, रक्कम शेवटपर्यंत तीच, आणि घेणारा गेला की देणे संपले. मात्र ज्याच्यामागे ना राज्य ना फौज, त्याला असे वचन कोण देणार?

भिलाईच्या हथखोज औद्योगिक क्षेत्रातल्या कारखान्यांत हा प्रश्न आजही जिवंत आहे. १९५९ मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि पोलाद कारखान्याच्या आधाराने भोवताली खासगी उद्योग वाढले. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याने कामगाराला निवृत्तीच्या वेळी एकरकमी पैसा दिला. तो लग्नकार्यात, घरबांधणीत, आजारपणात संपून जाई. १९७१ ची योजना मृत कामगाराच्या कुटुंबापुरती होती. १६ नोव्हेंबर १९९५ पासून मात्र मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शन निधीत जाऊ लागले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षापासून तहहयात रक्कम कायद्याने मिळू लागली. पेन्शनपात्र वेतनाला पेन्शनपात्र सेवेच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागायचे : असे वेतन पंधरा हजार आणि अशी सेवा अठ्ठावीस वर्षे असेल, तर महिना सहा हजार. इथे वचन एका धन्याच्या मर्जीवर नाही. लवकर जाणाऱ्यांचा वाटा दीर्घायुषी सोबत्यांच्या कामी येतो, आणि माणूस गेल्यावर विधवेलाही पेन्शन मिळते. माझ्या मते, कष्टकऱ्याच्या म्हातारपणाचा पाया एकरकमी पैशापेक्षा असाच असावा.

यावर पहिला आक्षेप असा की मुद्दल कायमचे अडकते. ते खरे आहे. आयुर्विमा महामंडळाच्या ‘जीवन अक्षय’मध्ये वारसांना मुद्दल परत देणारा पर्याय आहे, पण तो घेतला की हप्ता घटतो. दोन्ही पुरेपूर मिळत नाहीत. दुसरा आक्षेप महागाईचा, आणि तो अधिक गंभीर आहे. भाव वर्षाला सहा टक्क्यांनी वाढले तर बारा वर्षांत सहा हजारांची किंमत निम्मी होते. ९५ च्या पेन्शनला महागाई भत्ता नाही. तरीही हा दोष आजन्म उत्पन्नाच्या कल्पनेचा नाही, रक्कम गोठवण्याचा आहे.

हथखोजसारख्या ठिकाणी याहून मोठी अडचण आधीच येते. मासिक पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते. ठेकेदार बदलला की नोंद तुटते, गरजेपोटी पैसे काढून घेतले जातात आणि वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात. शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली भिलाईच्या कामगारांनी कायम नोकरी आणि जगण्यापुरते वेतन मागितले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींची हत्या झाली आणि १ जुलै १९९२ रोजी आंदोलक कामगारांवर गोळीबार झाला. त्या मागणीत म्हातारपणाची भाकरीही होती, असे मी मानतो, कारण सेवेची वर्षे एकत्र जोडली गेली नाहीत तर हे सूत्र कामगाराच्या हाती मासिक पेन्शन देत नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये किमान पेन्शन महिना एक हजार रुपये ठरली. ती महागाईशी जोडावी आणि ठेकेदार कितीही बदलले तरी कामगाराची सेवा एकसंध मोजावी. एवढे तरी सरकारने करायलाच हवे.