टाउन हॉलच्या पायऱ्या आणि शेजारच्या पेढ्या

फोर्टात जाण्याचे काम आपणा गृहिणींना वर्षातून एकदोनदाच पडते. कुणाला स्टॅम्प ऑफिसात खेटे घालावे लागतात, कुणाला बँकेत वारसाचे कागद द्यायला जावे लागते. त्या गडबडीत टाउन हॉलच्या तीस पायऱ्या आपण खालूनच पाहतो आणि घरची वाट धरतो. मी शिकलेली जेमतेम सातवी. इतिहासावर लिहिण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु या पायऱ्यांभोवती पैशाचा जो इतिहास घडला, तो आपल्या तांदळाच्या डब्यात लपवलेल्या नोटांशी येऊन भिडतो. यंदा आपल्या मंडळापुढे जो प्रश्न आहे, त्यालाही तो लागू पडतो. म्हणून हे धाडस.

टाउन हॉलचे काम 1821 साली सुरू झाले आणि 1833 साली पुरे झाले. नकाशा कर्नल थॉमस कूपर या लष्करी इंजिनिअरचा. दर्शनी खांब ग्रीक देवळांच्या धर्तीचे. गंमत अशी की, एवढ्या भारदस्त इमारतीसाठी पैसा उभा करण्याची सुरुवात झाली ती लॉटरीने! लॉटरीचा पैसा अर्थातच पुरला नाही. उरलेला भार कंपनी सरकारने उचलला आणि इमारतीत आपली कचेरीही थाटली. राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा 1 नोव्हेंबर 1858 रोजी याच पायऱ्यांवरून मुंबईकरांना वाचून दाखवण्यात आला. आत एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे, आणि आपले नाना जगन्नाथ शंकरशेट यांचा संगमरवरी पुतळाही आहे.

शेजारीच टांकसाळ. ती 1829 साली तयार झाली. समोर त्या काळी मोकळे मैदान होते आणि तेथे कापसाचे ढीग पडत. शेअर दलालांचे व्यवहार टाउन हॉलसमोरच्या वडाच्या झाडाखाली चालत. आज जिथे रेलिंगमधली गोल बाग आणि भोवती कमानींच्या एकसारख्या इमारती दिसतात, ते एल्फिन्स्टन सर्कल 1872 साली पूर्ण झाले. स्वातंत्र्यानंतर त्याला हॉर्निमन यांचे नाव दिले गेले. हे गृहस्थ इंग्रज असूनही आपल्या बाजूने लिहीत, म्हणून 1919 साली सरकारने त्यांना हद्दपार केले होते.

आता मूळ गोष्टीकडे वळते. 1840 साली येथे बँक ऑफ बॉम्बे निघाली. तिच्या भांडवलात सरकारचा पैसा होता आणि संचालकांत सरकारची माणसेही होती. लोकांना वाटे, सरकारचीच पेढी, मग भीती कशाची? पुढे 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला. गिरण्यांना कापूस हवा, तो मुंबईतून जाऊ लागला. भाव असे चढले की शहरात पैशाचा पूर आला. या पैशाचे करायचे काय? तर नव्या नव्या कंपन्या काढायच्या आणि त्यांचे शेअर घ्यायचे! समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या वर गेला. बँकेच्या कायद्यात 1863 साली ढिलाई झाली होती, तेव्हा बँकही शेअर तारण ठेवून कर्जे वाटू लागली. म्हणजे तारण काय, तर कागद. आणि त्या कागदाची किंमत काय, तर लोक म्हणतील ती.

एप्रिल 1865 मध्ये अमेरिकेतले युद्ध संपत आले आणि कापूस गडगडला. 1 जुलै 1865 हा बहुतेक सौदे पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशी कुणाजवळच पैसा निघाला नाही. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर 2850 रुपयांवर गेला होता तो 87 रुपयांवर आला. सट्ट्याचे राजे प्रेमचंद रायचंद बुडालेच, परंतु डॉ. भाऊ दाजी लाडांसारख्या विद्वान, परोपकारी माणसालाही जबर खोट आली. 1868 साली ती बँक मोडीत निघाली. मग त्याच वर्षी नवी बँक ऑफ बॉम्बे उभी राहिली. तीच 1921 साली इंपीरियल बँकेत गेली आणि 1 जुलै 1955 पासून तिची स्टेट बँक झाली. आजही सर्कलला लागून स्टेट बँकेची मुख्य शाखा आहे.

या इतिहासात बायकांची नावे सापडत नाहीत. फक्त राजाबाई टॉवरला प्रेमचंद शेटजींच्या आईचे नाव आहे, तेवढेच. परंतु ज्या घरांतून पैसा बुडाला, त्या घरांतल्या बांगड्या आणि पाटल्या आधी मोडल्या गेल्या असतील, हे सांगायला पुस्तक कशाला हवे? संसार केलेल्या बाईला ते न सांगता कळते.

हळूहळू बँकांनाही बायकांची आठवण झाली. 1911 साली सोराबजी पोचखानवाला यांनी सेंट्रल बँक काढली. त्या बँकेने 1924 साली खास स्त्रियांसाठी वेगळा विभाग उघडला. 1969 साली चौदा मोठ्या बँका सरकारने ताब्यात घेतल्या, त्यानंतर गल्लोगल्ली शाखा निघाल्या आणि आपल्यासारख्यांना काउंटरपर्यंत जाण्याचा धीर आला.

परंतु खाते उघडणे वेगळे आणि पैसा सुरक्षित राहणे वेगळे. टांकसाळीशेजारी जी उंच इमारत दिसते ती रिझर्व्ह बँकेची. ही बँक 1 एप्रिल 1935 रोजी सुरू झाली आणि 1949 साली सरकारी झाली. बाकीच्या बँकांवर नजर ठेवणे हे तिचे काम. तरीही 1960 साली केरळातली पालाई सेंट्रल बँक आणि आपल्याकडची लक्ष्मी बँक बुडाली. लोकांचे हाल झाले, तेव्हा सरकारला जाग आली आणि 1 जानेवारी 1962 पासून ठेवींचा विमा सुरू झाला. आरंभी हा विमा दर ठेवीदारामागे अवघ्या 1500 रुपयांचा होता. 1993 साली तो एक लाख झाला आणि 4 फेब्रुवारी 2020 पासून पाच लाख. मुद्दल आणि व्याज धरून पाच लाख, आणि एका बँकेच्या साऱ्या शाखा मिळून एकच हिशेब, हे लक्षात ठेवावे.

भगिनींनो, आता आपल्या घरचे बोलते. आपल्यापैकी सात जणींचे पैसे एका पतसंस्थेत अडकले आहेत. नाव घेत नाही. त्यातल्या एका वहिनींनी पोळ्या लाटून मुलीच्या लग्नासाठी साठवले होते. व्याज दोन टक्के जास्त मिळते आणि माणसे ओळखीची, एवढे पाहून त्यांनी तेथे पैसे ठेवले. यात त्यांचा दोष नाही. बोर्डावर मोठ्या अक्षरांत नाव असले की आपल्याला ती बँकच वाटते. परंतु ठेवींचा हा विमा बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थांना नाही. हा एवढा फरक त्यांना कुणी वेळेवर सांगितला असता तर!

आपल्या मंडळाचा पंचवीस वर्षांचा निधी कुठे ठेवावा, याचा निर्णय पुढच्या सभेत व्हायचा आहे. माझी सूचना साधी आहे. विमा असलेल्याच बँकेत ठेवावा. रक्कम पाच लाखांवर गेली तर दोन बँकांत वाटावी. सह्या दोघींच्या असाव्यात आणि पासबुक दर सभेत सर्वांनी पाहावे. जास्त व्याजाची गोष्ट कुणी काढली, तर “तारण काय?” हा प्रश्न न लाजता विचारावा. 1865 साली मुंबईतल्या मोठमोठ्या शेटजींनी तो विचारला नाही.

एक शेवटचे. त्याच टाउन हॉलमधल्या ग्रंथालयात दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षे बसून वाचत असत. त्यांच्याइतके वाचन आपल्याला साधणार नाही. परंतु ठेवीच्या पावतीवरची बारीक अक्षरे तरी चष्मा लावून वाचू या. तेवढे आपल्या हातात आहे. आपल्या मंडळाला उदंड आयुष्य लाभो, ही अंबाबाईच्या चरणी प्रार्थना.