लहान चण, लहान पिस्तूल?

पूर्वपक्ष आधी नीट मांडते, कारण तो मांडणारी माणसे मूर्ख नाहीत आणि त्यांचा हेतूही चांगला आहे. ते म्हणतात: बाई लहान चणीची, हात लहान, मनगट नाजूक. तेव्हा तिला लहान आणि हलके पिस्तूल द्यावे, शक्यतो आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर. त्यात स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढायची नसते, काडतूस अडकत नाही, चाप ओढला की गोळी सुटते. पर्समध्ये मावते. जड पिस्तूल बाई चार दिवस बाळगेल आणि पाचव्या दिवशी कपाटात ठेवून देईल. जवळ असलेले लहान पिस्तूल घरी राहिलेल्या मोठ्या पिस्तुलापेक्षा केव्हाही बरे.

टेक्ससमध्ये दुकानाच्या काउंटरवर, रेंजवर आणि मराठी मंडळींच्या जेवणावळीतही मी हे ऐकत आले आहे. माझी स्वतःची उंची पाच फूट आणि वजन ४८ किलो. गेली कित्येक वर्षे ह्यूस्टनजवळच्या एका रेंजवर मी बायकांना पिस्तूल चालवायला शिकवते, आणि अगदी सुरुवातीला याच सल्ल्याने माझे पैसे आणि जवळजवळ एक वर्ष फुकट गेले. म्हणून सांगते की वरच्या मांडणीतले शेवटचे वाक्य तेवढे खरे आहे. बाकीची मांडणी उलटी आहे.

एक मैत्रीण आहे, मूळची नागपूरची, माझ्याहूनही इंचभर बुटकी. तिच्या वाढदिवसाला भाऊजींनी हौसेने ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचे पाच गोळ्यांचे .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हर आणले, वजन जेमतेम ४१० ग्रॅम. दुकानदाराने "लेडीजसाठी हेच" म्हणून दिलेले. ती ते घेऊन रेंजवर आली. पहिल्या गोळीला दचकली, पाचव्या गोळीला डोळे मिटले, आणि बारा गोळ्या झाल्यावर रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवून अंगठा चोळत म्हणाली, "ताई, हातात तर छान मावतं. मग असं का?" अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातली कातडी लाल झाली होती.

मी तिला न सांगता पाचांपैकी दोन घरांत रिकामी पुंगळी घातली आणि पुन्हा झाडायला सांगितले. घोडा रिकाम्या पुंगळीवर पडला तेव्हा आवाज झाला नाही, धक्का बसला नाही, पण नळीचे तोंड बोटभर खाली झुकले. धक्का येणार या भीतीने हात आधीच खाली जात होता. खरी गोळी असती तर हे झुकणे स्फोटात लपून गेले असते, आणि सात यार्डांवरच्या कागदावर भोके कमरेच्या खाली का पडतात, हे कोडेच राहिले असते.

याचे कारण शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. ९ मिमीची साडेसात ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर वेगाने सुटते. तेवढाच संवेग पिस्तुलाला उलट दिशेने मिळतो. पिस्तूल ७०० ग्रॅमचे असेल तर ते सेकंदाला पावणेचार मीटर वेगाने हातावर येते, ३५० ग्रॅमचे असेल तर साडेसात मीटरने. वजन निम्मे झाले की हातावर येणारी ऊर्जा दुप्पट होते. (दारूच्या वायूचा धक्का यात धरलेला नाही. तो धरला तर दोन्ही आकडे वाढतील, हिशेब तोच राहील.) म्हणजे ज्या हाताला आपण नाजूक म्हणतो, त्याच हातात आपण दुप्पट धक्का देणारे हत्यार ठेवतो, आणि वर म्हणतो, "तुझ्यासाठी सोपे आणले आहे."

चापाचे गणित तर याहून वाईट. अशा रिव्हॉल्व्हरचा चाप घोडा मागे न घेता ओढायला साधारण साडेपाच किलोचा जोर लागतो. स्वयंपाकघरात जाऊन पाच किलोची तांदळाची पिशवी एका तर्जनीवर उचलून पाहा, तीही मनगट न हलवता. ४१० ग्रॅमच्या वस्तूवर तिच्या वजनाच्या तेरापट जोर लावायचा आणि ती जागची हलू द्यायची नाही, असा हा प्रकार. ६०० ग्रॅमच्या नेहमीच्या ९ मिमी पिस्तुलाचा चाप अडीच किलोच्या आसपास असतो, म्हणजे वजनाच्या चौपट. त्यात आखूड नळीमुळे माशी आणि मागची खाच यांतले अंतर इतके कमी की केसभर चूक लक्ष्यावर वीतभर होते. या रिव्हॉल्व्हरांवर उत्तम नेम धरणारी माणसे मी पाहिली आहेत, पण ती वीस-वीस वर्षे सराव केलेली आहेत. नवशिक्या बाईच्या हाती पहिले हत्यार म्हणून ते देणे म्हणजे सायकल न येणाऱ्याला सर्कशीतली एकचाकी देण्यासारखे आहे.

"बाईचे हत्यार वेगळे" ही कल्पना जुनी आहे. स्मिथ अँड वेसनने १९०२ साली लेडीस्मिथ नावाचे .२२चे चिमुकले सातगोळी रिव्हॉल्व्हर काढले. ते १९२१ साली बंद झाले, आणि १९८९ मध्ये तेच नाव .३८च्या पाचगोळी रिव्हॉल्व्हरवर परत आले. आपल्याकडे २०१४ साली कानपूरच्या आयुध निर्माणीने 'निर्भीक' बाजारात आणले. .३२चे, टायटॅनियम मिश्रधातूचे, वजन ५०० ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि दागिन्यांच्या डबीसारख्या डबीत. निर्भीकवर अन्याय करायचा नाही. त्याचे काडतूस सौम्य आहे, त्यामुळे धक्का माझ्या मैत्रिणीच्या रिव्हॉल्व्हरइतका बसणार नाही. पण जाहिरात कशाची झाली? वजन कमी, पर्समध्ये मावते, डबी सुंदर. मूठ कोणत्या मापाच्या हाताला बसते, चाप किती जड, याची चर्चा मला कुठे वाचायला मिळाली नाही. ज्या विद्यार्थिनीवर दिल्लीत झालेल्या अत्याचाराने सारा देश हादरला, तिच्या आठवणीशी जोडलेल्या हत्याराबद्दल याहून गंभीर बोलणे व्हायला हवे होते.

ज्यांना वाटते की बाईला वजन पेलत नाही, त्यांनी कोल्हापूरच्या राही सरनोबतकडे पाहावे. २०१८च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूल प्रकारात तिने सुवर्ण जिंकले. नेमबाजीत एशियाडचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्या प्रकारात पिस्तूल १४०० ग्रॅमपर्यंत चालते, चाप किमान एक किलोचा लागतो, आणि काडतूस असते फक्त .२२. भरपूर वजन, हलका चाप, सौम्य काडतूस. जगातल्या उत्तम नेमबाज बायका स्वतःसाठी असे हत्यार निवडतात, आणि दुकानदार बाईला विकतो ते नेमके याच्या उलटे. खेळाचे पिस्तूल कमरेला लावून फिरता येत नाही हे मान्य. तरी दिशा तीच.

आता स्लाइडचा मुद्दा, कारण रिव्हॉल्व्हरवाल्यांचा खरा आधार तोच. "बाईला स्लाइड ओढता येत नाही." मैत्रिणीलाही येत नव्हती. ती पिस्तूल हात लांब करून धरायची आणि अंगठा नि तर्जनीच्या चिमटीने स्लाइड मागे ओढायची, डब्याचे घट्ट झाकण नखाने उघडावे तशी. तसे कोणालाच जमत नाही. मी तिला पिस्तूल छातीजवळ आणायला लावले, नळी समोर लक्ष्याकडे, बोट चापाबाहेर. डावा पंजा स्लाइडवर वरून पूर्ण आवळायचा आणि तो हात जागचा हलवायचा नाही. उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायची. धुणे पिळताना दोन हात उलट दिशांना जोर करतात, तसे. तिसऱ्या प्रयत्नाला स्लाइड गेली. या कामात बोटांपेक्षा खांदा आणि पाठ जास्त लागतात, आणि ती दोन मुले कडेवर वागवलेल्या बाईकडे असतात.

ज्यांच्या बोटांना खरेच संधिवात आहे, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी २०१८ पासून स्मिथ अँड वेसनचे शील्ड ईझी आहे: .३८० काडतूस, वजन सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास, आत लपवलेला घोडा, त्यामुळे स्लाइडची स्प्रिंग मुद्दाम हलकी. तेही जमत नसेल तर रिव्हॉल्व्हर घ्यावे, पण पोलादी सांगाड्याचे, जड, आणि सौम्य काडतुसांसह. रिव्हॉल्व्हरचा एक गुण मी कधीच नाकारणार नाही. काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढला की पुढचे घर समोर येते.

राहिले लपवण्याचे. शेवटचे वाक्य खरे आहे असे मी वर म्हटले, म्हणून त्याला उत्तर देणे भाग आहे. पिस्तूल अंगावरच्या कपड्यातून दिसते ते जाडीमुळे आणि मुठीच्या टोकामुळे. नळीची लांबी पँटच्या आत जाते, ती कोणाला दिसत नाही. आणि जाडीत हे "लहान" रिव्हॉल्व्हर हरते, कारण त्याचे गोल फिरते घर सव्वातीन सेंटिमीटर जाड असते. २०१८ साली आलेले सिग सावरचे पी३६५ अडीच सेंटिमीटरच्या जवळपास, सुमारे ५०० ग्रॅमचे, आणि त्याच्या मॅगझिनमध्ये ९ मिमीची दहा काडतुसे बसतात. त्याच्या आधी २०१५ मध्ये ग्लॉक ४३ आले होते, तितकेच पातळ, सहा गोळ्यांचे. १९५० साली स्मिथ अँड वेसनचे पाचगोळी चीफ्स स्पेशल आले तेव्हा लपवायला सोपे आणि भरवशाचे असे दुसरे फारसे नव्हते, म्हणून तो सल्ला त्या काळी ठीक होता. सल्ला तसाच राहिला आणि हत्यारे बदलली.

बायकांचे कपडे ही खरी अडचण आहे, आणि ती पुरुष शिक्षक दोन मिनिटांत उरकतात. आपली कंबर आणि नितंब यांतल्या उतारामुळे उजव्या कुशीला लावलेल्या पिस्तुलाची मूठ बरगडीत टोचते. पिस्तूल पोटापुढे, बेंबीच्या किंचित उजवीकडे लावले तर टोचत नाही. कुर्ता झाकायला उत्तम, पण सलवारीची नाडी किंवा इलॅस्टिक अर्धा किलो पेलत नाही, म्हणून आतून रुंद पट्टा हवा, ज्यात चाप पूर्ण झाकणारे टणक होल्स्टर बसेल. हे सगळे पिस्तुलाच्या आधी किंवा पिस्तुलाबरोबरच ठरवायचे असते.

पर्स मात्र नको. ३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहोतल्या हेडन गावी वॉलमार्टमध्ये एक तरुण आई खरेदी करत होती. पिस्तूल ठेवण्यासाठीच बनवलेली, वेगळ्या चेनच्या कप्प्याची पर्स ट्रॉलीत होती आणि ट्रॉलीत तिचा दोन वर्षांचा मुलगा. त्याने चेन उघडली. गोळी सुटली आणि आई जागीच गेली. ही बाई निष्काळजी नव्हती, हत्यारे हाताळण्यात मुरलेली होती. जे अंगावर नाही, ते आपल्या ताब्यात नाही. "पर्समध्ये मावते" हा गुण म्हणून सांगितला की मला हेडन आठवते. रात्री घरी पिस्तूल अंगावरून उतरले की ते कुलपाच्या पेटीत गेले पाहिजे.

माझ्या बोलण्याचा अर्थ "मोठे घ्या" असा कोणी काढू नये. ग्लॉक १९ सुंदर पिस्तूल आहे, पण पंधरा काडतुसे दोन रांगांत बसवल्याने त्याची मूठ रुंद आहे. माझे बोट चापापर्यंत पोचवायला मला पंजा बाजूला सरकवावा लागतो, आणि मग धक्का तळव्याऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर येतो. आधी हात पाहायचा. रिकामे आहे याची दोनदा खात्री केलेले पिस्तूल असे धरायचे की नळी आणि कोपरापर्यंतचे हाड एका रेषेत येईल. मग तर्जनीचे पेर, पकड न हलवता, चापावर टेकते का? उरलेली तिन्ही बोटे मुठीवर बसतात का, की करंगळी हवेत राहते? मूठ बारीक हवी पण आखूड नको. हा भेद "लहान" या एका शब्दात हरवतो, आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. हात, मग चाप, मग धक्का, आणि सर्वांत शेवटी लपवणे, या क्रमाने मी निवड करायला लावते.

एक सूचना इथल्या मराठी कुटुंबांसाठी. एच-वन किंवा एच-फोर व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या संघीय कायद्याने पिस्तूल विकत घेता किंवा जवळ ठेवता येत नाही. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद आहेत, ते वकिलाला विचारूनच वापरावेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. भारतातल्या वाचकांसाठी ९ मिमी हे निषिद्ध बोअर आहे, त्यामुळे तिथली निवड .३२भोवतीच फिरते. हाताच्या मापाचा नियम तिथेही लागू आहे.

मैत्रिणीने नंतर रेंजवर भाड्याने घेऊन पाच पिस्तुले झाडून पाहिली आणि पातळ मुठीचे ५०० ग्रॅमचे ९ मिमी घेतले. टेक्ससमध्ये सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येते, तरी तिने परवान्याची चाचणी दिली: तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून पन्नास गोळ्या, २५० पैकी १७५ गुण मिळाले की उत्तीर्ण. ती पन्नासही गोळ्या डोळे उघडे ठेवून झाडू शकली.

तेव्हा भाऊजींना, भावांना आणि काउंटरमागच्या काकांना माझी विनंती आहे की बाईला पिस्तूल भेट देऊ नका. तिला रेंजवर घेऊन जा, आणि तिच्या मागे दोन पावले उभे राहा. आणि तिला स्वतःला सांगते: विकत घेण्याआधी त्याच पिस्तुलातून त्याच काडतुसांच्या पन्नास गोळ्या झाडून पाहा. शेवटच्या पाच गोळ्यांना डोळे मिटले जात असतील, तर पैसे देऊ नका.