डायनोकायरस : आधी हात सापडले, मग प्राणी

डायनोकायरस हा शहामृगासारख्या दिसणाऱ्या डायनोसॉरांच्या, म्हणजेच ऑर्निथोमिमोसॉर गटातील आतापर्यंत सापडलेला सर्वांत मोठा प्राणी. सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वी तो आजच्या मंगोलियात राहत असे.

१९६५ साली पोलिश-मंगोलियन मोहिमेत झोफिया किएलान-यावोरोव्स्का यांना गोबी वाळवंटात त्याचे जीवाश्म प्रथम मिळाले. त्यात होते मुख्यतः दोन हात, प्रत्येकी सुमारे २.४ मीटर लांबीचे. १९७० मध्ये त्याचे नामकरण झाले. ग्रीक भाषेतील या नावाचा अर्थ ‘भयानक हात’. एवढ्या मोठ्या, जाड हाडांचा प्राणी अजस्र शिकारीच असणार, असे मानून त्याला मोठ्या मांसाहारी डायनोसॉरांमध्ये ठेवले गेले. मात्र हाताची तिन्ही बोटे जवळजवळ सारख्या लांबीची आहेत आणि हे शहामृगासारख्या डायनोसॉरांचे लक्षण आहे, याकडे लवकरच लक्ष वेधले गेले. तरी बाकीचे शरीर कसे होते, हे पुढे चार दशके कोडेच राहिले.

२००६ आणि २००९ मध्ये कोरियन-मंगोलियन मोहिमेला आणखी दोन सांगाडे मिळाले. पण दुसऱ्या सांगाड्यापर्यंत जीवाश्मचोर आधीच पोहोचले होते. कवटी, हात आणि पाय गायब होते. हे अवशेष पुढे युरोपातील एका खासगी संग्रहात आढळले. चोरांकडून जागेवरच राहून गेलेले पायाच्या बोटाचे एक हाड त्यांच्याशी जुळले आणि दोन्ही भाग एकाच प्राण्याचे असल्याचे स्पष्ट झाले. मे २०१४ मध्ये ते मंगोलियाला परत मिळाले. ते परत आले नसते, तर त्याचा चेहरा अजूनही तर्काचाच विषय राहिला असता.

प्रत्यक्षात हा प्राणी कोणाच्याही कल्पनेपेक्षा विचित्र निघाला : सुमारे ११ मीटर लांब, ६ टनांहून जड, पाठीवर उंच मणक्यांचा उंचवटा, मीटरभर लांब कवटी आणि बदकासारखी पसरट, दात नसलेली चोच. त्याच्या पोटाच्या जागी माशांचे अवशेष आणि १,४०० हून अधिक गोटे सापडले. म्हणजे मासे तर तो खात असेच, शिवाय वनस्पतीही खाऊन पोटातल्या गोट्यांनी दळत असावा.

त्याचे वर्गीकरण आता डायनोकायरिडी या कुलात होते. मंगोलियातील गरुडिमिमस हा त्याचा जवळचा, पण बराच लहान नातेवाईक. त्याच्या नावातला गरुड आपल्या पुराणांतलाच; तो बौद्ध धर्माबरोबर मंगोलियात पोहोचला.