शुद्धीवर आल्यानंतर कोण?

ओव्हरडोसने थांबत आलेला श्वास नॅलोक्सोन काही मिनिटांत परत आणतं. पण शुद्धीवर आलेला पेशंट अनेकदा थेट घरी जातो, आणि पुढचा डोस जीव घेऊ शकतो. म्हणून अमेरिकेत ऱ्होड आयलंडने २०१४ मध्ये इमर्जन्सीतल्या पेशंटशेजारी व्यसनातून सुटलेला माणूस बसवायला सुरुवात केली.

आपल्याकडे ही समज आधीच आली होती. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दचं व्यसन पसरलं. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचटांसोबत त्यांनी येरवड्यात ‘मुक्तांगण’ सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी आर्थिक मदत केली. तिथे बरे झालेले कितीतरी पेशंट पुढे समुपदेशक झाले. ‘मीही यातून गेलोय’ हे डॉक्टर कुठून म्हणणार?

मी बीडचा. इथून पुणे पाच-सहा तासांवर. तलफ तेवढं थांबत नाही. असा माणूस सिव्हिलमध्येच, खाटेशेजारी हवा.